बिनकाळं

फॉर्मवरचं नाव दोनदा खोडलेलं,
एकदा कन्नडमध्ये, एकदा इंग्रजीत,
शेवटी कुणीतरी मराठीत नीट लिहिलं :
सत्यव्वा शिंगे, एकसष्ट, मदभावी, तालुका अथणी.
डावी टाच. दोन वर्षं न भरलेली जखम.
त्याखाली डॉक्टर तबस्सुम किल्लेदारचं बारीक अक्षर :
काळं कुठेच नाही. तरीही.

त्या एका 'तरीही'साठी
मी तिला अजून चहासुद्धा पाजलेला नाही.

आधी ती भोवरी होती.
कंपाउंडरनं ब्लेडनं तासली, वर पट्टी डकवली.
मग ती चामखीळ झाली.
मिरजेला जाळली, जळका तुकडा बादलीत.
मग रक्तात साखर निघाली
आणि सगळ्यांना हायसं वाटलं :
साखरेची जखम, ती काय लवकर भरते?
चिकोडीत आठ महिने ड्रेसिंग.
गुलाबी, ओलसर, अर्ध्या पिकल्या तुतीएवढी,
मोजा अडकला तरी रक्त.
कुणीच खोटं बोललं नाही.
जो तो आपल्या ओळखीतलं नाव देत गेला.

आम्हाला शिकवलं होतं, काळं बघा.
तीळ पसरतोय का, कडा फाटल्यात का.
आणि काळं ओळखण्यात आमचं बेळगाव पटाईत.
रात्री पाटीला डांबर फासलं
तर दूध यायच्या आत गल्लीला ठाऊक,
कुठल्या अक्षरांवर पडलं ते.
पण ज्यानं काहीच फासलं नाही,
नुसता आत शिरला, चप्पल न वाजवता,
त्याच्यासाठी कुठला नाका?

मंगळवारी वीज नव्हती.
इन्व्हर्टरवर सूक्ष्मदर्शक लावला.
पेशी मोठ्या, रांग मोडून उभ्या,
प्रत्येकीच्या पोटात एक ठळक जांभळा डोळा.
रंगाचा कण नाही.
काहीही असू शकलं असतं.
मी बराच वेळ काहीही आहे असंच धरून बसले,
कारण जेवायची वेळ झाली होती, हेही खरं.

मग एस-शंभर लावायला सांगितलं. मग मेलन-ए.
शनिवारी काच हातात आली
आणि सगळ्या तपकिरी, हजेरीला उभ्या राहिल्यासारख्या.
जो रंग करायला त्या विसरल्या होत्या
तो आम्ही उसना दिला, तेव्हा कुठे बोलल्या.
बाभळीच्या सालीत मुरलेल्या कातड्याचा असतो ना,
अगदी तो.
खोली साडेचार मिलिमीटर.
दोन वर्षांचे साडेचार मिलिमीटर.

जांघेतली एक गाठ निघाली. एकच.
'एकच' मी फोनवर इतकं हलकं म्हटलं
की तिचा भीमशी पलीकडून थँक्यू म्हणाला.

घरी आल्यावर दार लावून
हातआरशात माझे तळवे पाहिले.
बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा.
काही नव्हतं.
'काही नाही' हे दोन शब्द
मी तेवीस वर्षं रिपोर्टच्या शेवटी लिहीत आलेय.

महिन्याभरानं सत्यव्वा स्वतःच लॅबमध्ये आली,
वॉकर आपटत, तबस्सुम मागे.
टाच काढली होती, मांडीचं कातडं तिथं लावलेलं.
पाय खुर्चीवर ठेवून तिनं पट्टी सोडली,
बोटानं कड चाचपली,
चाळीस वर्षं वाद्या विणलेल्या बोटानं.

"शिवण बरी हाय," म्हणाली.
"पण बाई, तळाला म्हशीचं लागतं,
वर शेळीचं.
तुमी मांडीचं पातळ घेऊन खाली लावलासा की वो.
टिकंल व्हय?"

तबस्सुम माझ्याकडे पाहत होती.
मी परत पायाकडे पाहिलं,
त्या नव्या, फिक्या, अजून रंग न धरलेल्या
चौकोनाकडे.