चार बोटं बर्फ

तोउको बाहेर झोपलाय, बाबागाडीत,
उणे सहा अंशांत.
आमच्या कुहमोत बाळं अशीच झोपवतात,
लोकरीत गुंडाळून, नाकाचा शेंडा तेवढा उघडा.
त्या थंडीची मला भीती नाही.
भीती फ्रिजवर आहे, चुंबकाखाली:
मंगळवार, सव्वादहा,
फ्लूची लस, पहिला डोस.

पेरणीच्या महिन्यात जन्मला म्हणून तोउको.
सहा महिने परवाच भरले.

दुधानं पोळलेलं घर आहे हे.
धाकटा भाऊ एल्यास अकरा वर्षांचा होता
त्या साथीच्या हिवाळ्यात.
शाळेच्या व्यायामशाळेत रांग होती,
आईनंच नेलं त्याला, हात धरून.
उन्हाळा येईतो तो जेवताना झोपू लागला,
सायकलवर झोपू लागला,
हसला की गुडघे वळायचे त्याचे,
म्हणून आम्ही घरात विनोद करणं सोडलं.
आई अजून ताक फुंकून पिते.
मला ती काहीच म्हणाली नाही.
फक्त मी फोनवर 'मंगळवारी' म्हटलं
आणि पलीकडे भांडी घासल्याचा आवाज थांबला.

"ती लस वेगळी होती," राउनी नर्स म्हणते,
"ती आता कुणालाच देत नाहीत."
खरं आहे. मी कागद वाचलेत, दोनदा,
रात्री पाजताना, एका हातानं पानं उलटत.
कागदावर सगळं पटतं.
मांडीवर पावणेआठ किलो असतात,
त्यांना वाचता येत नाही.

आणि खालच्या घरातली हेल्का.
फेब्रुवारीत तिची मुलगी पाच दिवस
कायानीच्या इस्पितळात, फ्लूनं, नाकात नळी.
माझं सूपचं पातेलं परत द्यायला आली तेव्हा
एवढंच बोलली, की श्वासागणिक
पोरीच्या गळ्याखाली खड्डा पडायचा,
अंगठा बुडेल एवढा.
पातेलं ठेवून गेली. झाकण विसरली.

रविवारी मी एल्यासलाच विचारलं.
बाळाला तो उभ्यानं कधी घेत नाही,
गालिच्यावर बसतो, भिंतीला टेकून,
दोन्ही बाजूंना उशा रचून.
कुणी शिकवलं नाही त्याला हे.
"तुझं बाळ असतं तर?"
त्यानं डोळे मिटले.
विचार आहे की झोप,
मला इतक्या वर्षांत ओळखता आलेलं नाही.
मी तोउकोला उचलून घेतलं.
सात मिनिटांनी म्हणाला, "कॉफी आहे का?"
आणि अर्धा कप संपल्यावर:
"मला सुई आठवत नाही गं.
आईचा हात आठवतो. गरम होता.
तिला सांग कधीतरी."

हे काही उत्तर नव्हतं.

तळं गोठतंय. बाबा सकाळी
लोखंडी पहार घेऊन उतरतात,
एक ठोका, एक पाऊल.
चार बोटं बर्फ माणूस पेलतो म्हणतात,
पण इथं चार, तर लव्हाळ्याजवळ दोनच.
काठावर बसलेला बुडत नाही, कबूल.
पण आमची जाळी पलीकडे लावलेली असतात.

मंगळवारी केंद्राच्या दारात
आई उभी होती, न बोलावता,
दोन बस बदलून आलेली.
हातमोजे आधीच काढलेले.
तोउकोचं पाऊल तिनं मुठीत धरलं,
मी तिला एल्यासचा निरोप दिला,
इतक्या हळू, की तिनं ऐकला की नाही
कुणास ठाऊक. राउनीनं मांडी पुसली.
तो अकरा सेकंद रडला. मी मोजत होते.

चार आठवड्यांनी दुसरा डोस.
म्हणजे हे सगळं पुन्हा,
नव्या कागदावर, त्याच चुंबकाखाली.

दुपारी तो तीन तास झोपला.
बाळं झोपतात.
मी दोनदा अंगणात गेले, दोनदा त्याला उठवलं.
दुसऱ्यांदा तो चिडला,
लाल झाला, पाय झाडले, किंचाळला.
फार बरं वाटलं.