बासवाल्याला कुणी विचारत नाही

डुलुथच्या बंदरात, पुलाला खेटून असलेल्या बारमध्ये
दर गुरुवारी एकच भांडण शिजतं :
म्हातारा रेनो लाक्सो मोठा,
की ती एकोणीस वर्षांची पा न्या शाँग?

मी दोघांच्याही मागे बास वाजवतो.
त्याच्यामागे बावीस वर्षं, तिच्यामागे दोन हिवाळे.
मला कुणी विचारत नाही.
बास म्हणजे भिंत,
आणि भिंतीला फक्त कान असतात.

आधी तिचं सांगतो.
सेंट पॉलहून अडीच तास गाडी हाकत येते,
शेजारच्या सीटवर आईने दिलेला भाताचा डबा,
मागे पट्टा लावून बसवलेली गिटार.
बोटं अशी पळतात की तारा मागे राहिल्यासारख्या वाटतात.
एक सूर चुकत नाही.
खरं सांगतो, मी वाट बघतो चुकण्याची.
दोन वर्षं झाली.

रेनो चुकतो.
डाव्या करंगळीत जीव नाही,
लोहखनिजाच्या धक्क्यावर साखळीखाली सापडली होती
एकोणऐंशीच्या थंडीत.
तीन करामती येतात त्याला, चौथी येत नाही,
आणि जास्त झालेली असली की तीनही नाहीत.
तरी लोक उभे राहतात.

कधी कधी शंका येते,
टाळ्या सुराला पडतात की सुरकुत्यांना?
चार पावसाळे जास्त पाहिलेत, असं म्हणायची इथे सोय नाही.
इथे हिवाळे मोजतात,
आणि नुसतं थंडीत उभं राहून कुणी वाजवायला शिकत नाही.
नाहीतर धक्क्यावरचा एकेक खांब उस्ताद झाला असता.

नोव्हेंबरातली गोष्ट.
तिचं वाजवणं ऐन भरात, आणि जहाजाने भोंगा दिला.
एक लांब, दोन आखूड.
पुलानेही तसंच उत्तर दिलं, इथली रीतच आहे.
ती भोंग्यावरून वाजवत गेली, नेहमीसारखी,
वाऱ्यात ओरडून बोलणाऱ्या माणसासारखी.

रेनो थांबला होता.
त्याने एक तार दाबली, जराशी ओढली,
आणि भोंगा जिथे विरला तिथूनच तो सूर उचलला.
एकच.
धरून ठेवला.
ग्लास धुणाऱ्या मार्लिसने नळ बंद केला.

गोष्ट इथे संपली असती तर रेनो जिंकला असता,
आणि मीही ती एका बिअरच्या बदल्यात सांगत फिरलो असतो.

पण वायरी गुंडाळताना ती म्हणाली,
"ए-फ्लॅटच्या केसभर खाली होता आजचा.
मंगळवारी आलेल्या जहाजाचा वर असतो."
म्हणजे ती सगळे भोंगे ऐकत होती. दोन वर्षं.

"मग थांबत का नाहीस?"

"ते थांबले की अनुभव.
मी थांबले की विसरली."

रेनो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, नाव मला माहीत नव्हतं त्या सुराचं,
बोटाखाली कुठे राहतो तेवढं ठाऊक.
आणि तुझी ती शेवटची धाव, जरा दाखव.
हळू.

तिने हळू वाजवायला घेतली,
आणि अडखळली.
रोज धावत पार करायची तो रस्ता,
चालत कधी गेलीच नव्हती.
ज्या चुकीची दोन वर्षं वाट पाहिली
ती समोर आली, आणि मला वर बघवेना.

मग दोघं बसले, मध्ये भाताचा डबा.
ती हळू शिकत होती, तो चौथी करामत.
दोघांनाही जमत नव्हतं.
मार्लिसने खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या, एक सोडून.

कोण मोठं?
तिचं ऐकताना मी तिच्या बोटांकडे बघतो,
त्याचं ऐकताना खिडकीबाहेर, पाण्याकडे.
याहून जास्त मला सांगता येत नाही.

त्या रात्री दोघं चुकत होते,
आणि मी, कुणी सांगितलं नसताना,
पेटीत ठेवलेला बास पुन्हा काढला
आणि खालचा एक सूर
धरून बसलो.