माईक बंद होता

कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी
बिश्केकहून आलेल्या त्या पोरीनं, बेगिमायनं,
आम्हा अकरा जणांत चार कॅमेरे वाटले
आणि म्हणाली, फिल्म तीन मिनिटांची.
वर एक सेकंदही नको.

मी म्हटलं, बाई गं,
तीन मिनिटांत माझा चहासुद्धा उकळत नाही.

अकरांत मीच म्हातारी.
बाकी शाळेतली पोरं, एक टॅक्सीवाला कुबान,
आणि रशियन शिकवून निवृत्त झालेली ल्युबोव सेम्योनोव्हना,
जिला फक्त तिचं मांजर टिपायचं होतं.
टिपलं. छान आलं.

आमच्या गावाच्या नावाचा अर्थच कोळी.
सरोवर ऐन हिवाळ्यातही गोठत नाही,
मासा मात्र आता दुकानातल्या पेटीत
गोठलेलाच मिळतो.
डबाबंद मासळीचा कारखाना बुडाला
त्याला तीस वर्षं झाली.
मी तिथे काट्यावर होते.
बायका मासे साफ करून आणायच्या,
मी वजन बोलायची,
आणि मी बोलेन ते वजन.

कुंपणाला भोक आहे, गावाला ठाऊक आहे.
आत पट्टा अजून तसाच, लांबच लांब,
रबराला भेगा,
टोकाला कबुतरांनी संसार थाटलेला.
कॅमेरा एका खोक्यावर टेकवला
आणि पट्ट्याच्या कडेकडेनं चालत गेले.
जी जिथे उभी असायची तिथे थांबले,
मोठ्यानं नाव घेतलं.
इथे बुरुल. इथे झुमाकान.
इथे फ्रीडा, जी एका रात्रीत
घरचं कुत्रं शेजाऱ्याला देऊन जर्मनीला गेली.

घरी येऊन पाहिलं तर
चित्र आहे, आवाज नाही.
माईकला वेगळं बटण असतं
हे सांगितलं होतं म्हणे.
तेव्हा मी सगळ्यांना चहा ओतत होते.

पुन्हा गेलो तर भोकाला नवा पत्रा,
आतून भुंकणारं काहीतरी.

महोत्सव तीन दिवस, संस्कृती भवनात.
हीटर मेलेला, लोक कोटातच बसलेले,
पश्चिमेचा वारा खिडक्यांची तावदानं वाजवतोय.
ओशच्या कुणाचा तरी मधमाश्यांवरचा सिनेमा
इतका लांब, की लोक बाहेर सिगारेट ओढून आले
तरी तो म्हातारा त्याच पोळ्यापाशी.

मग मी.
पडद्यावर पाठमोरी, बुटकी, रुमाल बांधलेली.
चालते. थांबते. मान हलते. पुन्हा चालते.
कुणीतरी खोकलं.
धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं,
असं मला झालं.

एवढ्यात तिसऱ्या रांगेतून बुरुल म्हणाली,
अगं, ही तर माझी जागा.
मी थांबले की मागून कुणीतरी, झुमाकान.
मी थांबले की दोघी-तिघी एकदम, फ्रीडा.
शेजारच्या बाईचे हात मांडीवर
आपोआप चालायला लागले होते,
अंगठा पोटात, एक झटका, आतडं बाहेर.
तिला पत्ताच नव्हता.

मग एक जागा आली,
तिथे पडद्यावरची मी थांबले नाही.
उलट पाय थोडे उचलूनच गेले.
सगळं भवन गप्प.
शेवटच्या रांगेतून, दाराजवळून,
कुबान म्हणाला, तुर्सुनाय.

त्याची आई.
तिचं वजन मी सलग एक हिवाळा
दीड-दोन किलोनं कमी बोलत होते.
का, ते आता सांगून उपयोग नाही.
तिनं मोठ्यानं विचारलं,
आणि वसंतात तिलाच काढलं.

पडद्यावर कबुतरं उडाली. दिवे लागले.
टाळ्या पडल्या, ल्युबोवनं मला मिठी मारली,
बक्षीस ड्रोनवाल्या पोराला गेलं,
डोंगर वरून छानच दिसत होते.

बेगिमाय म्हणाली, आवाज नंतर भरता येतो.
मी नको म्हटलं.

रात्री बस नव्हती. कुबाननं घरी सोडलं.
सरोवर डाव्या हाताला, काळं, जागं.
बारा मिनिटांचा रस्ता, दोघंही गप्प.
फाटकाशी मी शंभराची नोट पुढे केली,
म्हटलं, राहू दे.
त्यानं गाडीतला दिवा लावला,
वीस सोम सुटे काढले,
एकेक नाणं मोजत
माझ्या तळहातावर ठेवलं,
आणि दोनदा मोजलं.