तिसऱ्या ताऱ्याच्या आधी

जी.आय.पी. रेल्वेच्या घड्याळ-खात्याचं हे रजिस्टर
भायखळ्याच्या एका गाळ्यातून रद्दीत आलं,
किलोला बारा रुपये.
पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला.
आतली शाई मात्र ताठ.

मीही घड्याळंच दुरुस्त करतो,
म्हणजे हल्ली सेल बदलतो, पट्टे घालतो.
तरी अक्षर ओळखीचं वाटलं :
एका डोळ्यात भिंग खोचून लिहिणाऱ्याचं,
बारीक, आणि उजवीकडे जरा उतरत गेलेलं.

सही : हसाजी एलोजी पेणकर. राहणार मांडवी.

पान चौदा. गार्ड फुर्टाडो, घड्याळ नंबर दोनशे सात.
आठवड्यात सतरा सेकंद मागे. तेल सुकलेलं.
गार्ड मोघे. कर्जतला बरोबर,
खंडाळ्याला चढलं की पुढे पळतं.
थंडीनं स्प्रिंग आखडते. इलाज केला.
ड्रायव्हर दोराबजी. घड्याळ पडलं नाही म्हणतो.
पडलं आहे.

एका ओळीत फक्त ‘कसारा घाट’,
नंबर,
आणि काटे थांबले ती वेळ.
दुरुस्तीच्या रकान्यात आडवी रेघ.
त्या रेघेवर मी बराच वेळ बोट ठेवून बसलो.

रोज चार वाजता मद्रासहून तार यायची.
तेवढ्या वेळात साऱ्या लाईनवर
कुणी कुणाचा माल, कुणाचं मरण, कुणाची बदली
कळवायची नाही.
तारांतून नुसती वेळ धावायची,
आणि पेणकर समोर चौदा घड्याळं उघडी मांडून
श्वास धरून उभे.

पण खात्याच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं
की ते एकोणचाळीस मिनिटांनी तरुण होत.
रेल्वेची वेळ वेगळी, शहराची वेगळी.
मुंबई हट्टानं आपल्याच सूर्यावर चालत होती;
नवी वेळ लावली म्हणून गिरणीत लोकांनी
साचे बंद ठेवले होते म्हणे.
बायको विचारत असेल,
‘येणार कधी? तुमच्या सातला की आमच्या?’
हे रजिस्टरात नाही. हे माझ्या पदरचं.

रजिस्टरात आहे ते असं, की
दर शुक्रवारी त्यांचं अक्षर दुपारीच संपतं.
शनिवार कोरा.
त्यावर दुसऱ्याच कुणाच्या जाड टाकानं :
‘पेणकर गैरहजर. धर्माचं कारण. पगार कापावा.’
पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही.
वर्षाचे बावन्न पगार त्यांनी असे
मशीद बंदराच्या गल्लीत, दिव्याशेजारी,
किल्लीला हात न लावता बसून घालवले.

एक वयस्क गिऱ्हाईक, मोझेसबाई चिंचोळकर,
चष्मा पुसत मला म्हणाल्या,
‘अहो, शब्बाथ घड्याळानं सुटत नाही.
आकाशात तीन तारे दिसायला लागतात.
दोन दिसले तरी थांबायचं.’

मग मला पान एकसष्ट कळलं.

समासात, रकान्यांच्या बाहेर, शिसपेन्सिलीनं :
‘शनिवारी मुलगी झाली.
दुसरा तारा दिसला होता.
तिसरा यायचा होता.’

एवढंच.
तास नाही, मिनिट नाही,
मद्रासची वेळ की मुंबईची, तेही नाही.
ज्या माणसानं मोघ्यांच्या घड्याळातली थंडी पकडली,
त्यानं स्वतःच्या लेकीची वेळ
आभाळाकडे बघून लिहिली.
मी भिंग लावून पाहिलं.
खोडलेलं काही नाही.
आधी आकडा लिहून पुसलाय, असंही नाही.

गच्चीवर उभे असतील का?
की दाराबाहेर, सुइणीची वाट बघत,
गोदीच्या डोलकाठ्यांमधून
जेवढं दिसेल तेवढं आभाळ शोधत?

खाली सोमवारची नोंद, पुन्हा शाईत :
गार्ड फुर्टाडो. नंबर दोनशे सात परत आलं.
तीन सेकंद पुढे.
राहू दिलं.