आज तिथे दोन डिग्री

एप्रिलातली रात्र, अकरा वाजलेले.
पंखा गरम हवाच ढवळत होता.
कुंपणापलीकडे बॅटरी हलली.
वाटलं मुंगूस, नाहीतर चोर.
पण चोराला आमच्या बाजूला काय मिळणार?
मिरचीचे वाफे, एक केळ, दोन कोंबड्या.

इनास होता.
उघड्या अंगाने, लुंगी खोचून
मिरचीच्या रोपांवर जुनी चादर पसरत होता,
कडेला चिऱ्यांचे तुकडे ठेवत,
झोपेत पाय बाहेर टाकलेल्या पोराला पांघरावं तशी.

"तुका पिशें लागलां?" मी विचारलं.
हळदोण्यात माणसं ओले पंचे घेऊन निजतात,
आणि हा मिरचीला पांघरूण घालतो.

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.
काचेवर आकडा: दोन.
"स्विंडन," म्हणाला. "फाल्यां सकाळीं शून्य जातलें."

बावीस वर्षं तो तिथे होता.
दिवसभर गोदामात खोकी मोजायची,
संध्याकाळी भाड्याच्या जमिनीच्या एका पट्टीत
घेवडा, बटाटे, काचेखाली टोमॅटो.
तिथल्या मे महिन्याचं तो सांगू लागला:
झाडं फुललेली असतात,
लोक बाह्या दुमडून फिरतात,
आणि मग एखादी स्वच्छ रात्र येते,
ढग नाही, वारा नाही, चांदण्या डोक्याला लागतील अशा.
दंव पानावर बसतं आणि बसल्या जागी गोठतं.
सकाळी काही कळत नाही.
पानं हिरवीच. कडक. काचेची.
ऊन आलं की माना टाकतात, काळी पडतात,
उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी.

"म्हणजे थंडीने भाजतं?"
"भाजता," तो म्हणाला.

ती पट्टी आता फ्लाविया बघते, त्याची धाकटी.
बघते म्हणजे, आठवण राहिली तर.
आज तिची रात्रपाळी, आणि पाळीवर फोन जवळ ठेवू देत नाहीत.
त्याने चारदा लावला.
पाचव्यांदा लावायच्या ऐवजी
पेटीतली चादर काढून इथे आला.

"हिच्यानं थंयचो घेवडो वांचना, कळटा म्हाका,"
मी काही न विचारताच बोलला.
"पूण हातांक कोण सांगतलो?"

मी हसणार होते.
माझा मुलगा बोटीवर असतो.
कुठल्याशा समुद्रात वादळ आहे असं रेडिओवर ऐकलं
की मी इथल्या खिडक्यांच्या कड्या लावून घेते.
हे मी त्याला सांगितलं नाही.

शेवटच्या वाफ्याला चादर पुरेना.
घरात जाऊन मी तांदळाची गोणपाटं आणली.
"पानांना टेकू देऊ नको," त्याने मला दटावलं,
"मधे काठ्या रोव. कापड टेकतं तिथून थंडी शिरते."
कसली थंडी! माझ्या डोळ्यांत घाम उतरत होता.
तरी काठ्या रोवल्या.
एक वाकडी गेली, तीही त्याने काढून सरळ करायला लावली.

सकाळी तो बाल्कांवात खुर्चीतच झोपलेला,
छातीवर फोन.
शुक्रवार. मला म्हापशाची बस गाठायची होती.
जाता जाता बघितलं, पांघरुणं तशीच होती,
वाटलं काढावी. नाही काढली.

दुपारी दोनला परत आले तेव्हा
माझ्या मिरच्या माना टाकून पडल्या होत्या,
पाणी घालूनही उठेनात.
त्याच्या ताठ उभ्या.
उन्हाला त्या चादरीतून उतरायला जमलं नव्हतं,
चादर कशासाठी घातली होती ते
उन्हाला कोण सांगणार?

फ्लावियाचा फोन आला का, विचारायचं राहून गेलं.
त्याचं दार लोटलेलं होतं.
माझी गोणपाटं कुंपणावर, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातलेली,
वर चिऱ्याचा एक तुकडा,
उडू नयेत म्हणून.
वारा तर दिवसभर नव्हता.