आधी पाणी

मेव्हण्यानं हौसेनं बांधून घेतलेली चाकांवरची खोली
जीपच्या शेपटीला लावून मी बामणोलीपर्यंत आणली.
कासच्या वळणांवर तीनदा देवाचं नाव घेतलं,
आणि धरणाच्या काठाला, सुंदरा उतेकरांच्या टपरीमागं
चाकांना दगड लावून उभी केली.

जानेवारी. पहाटे काचेला आतून घाम.
आंघोळ करायची तर पाणी तापवायची पेटी चालू करायला हवी.
पुस्तिकेतल्या चित्रात एक माणूस
हसत हसत बटण दाबतो आहे.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी.
तार दिसली की माझी बोटं शहाणी होतात.
इथं तार नव्हती. पलंगाखाली तीन पितळी चाव्या होत्या,
दोन आडव्या, एक उभी,
आणि कुणाची कुणाशी भावकी, कुठं लिहिलेलं नव्हतं.

गॅस सोडला. बटण दाबलं. टिक टिक टिक. गप्प.
पुन्हा टिक टिक टिक. गप्प.
नळीत हवा असते, आधी शेगडी पेटवून ती घालवायची,
हे चौथ्या खेपेला सुचलं.
मग भुर्र करून जाळीमागं निळा जाळ.
मी एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

वीस मिनिटं पंचा खांद्यावर टाकून बसलो.
निळी तोटी सोडली, गार.
लाल सोडली, गार. जरा जास्तच, की मला तसं वाटलं.
पेटीतून मात्र तापल्या तव्याचा वास
आणि बारीक कडकड,
कुणी म्हाताऱ्यानं फुटाणे खावेत तशी.

सुंदराबाई चहा घेऊन आल्या. दारातच थांबल्या.
"आत पानी हाय न्हवं?"
आहे की. नळाला येतंय.
"नळाला येतंय. पेटीत हाय का?"

बाहेरच्या झडपेची कडी उचलून बघितली.
थेंब नाही. नुसता गरम उसासा.
पाणी पेटीला वळसा घालून
आल्या वाटेनं सरळ लाल तोटीला जात होतं,
आणि मी एकतीस वर्षांचा अनुभव
रिकाम्या भांड्याखाली जाळत होतो.

गॅस बंद केला. चाव्यांकडं हात गेला, तर त्या म्हणाल्या,
"थांबा. तापल्यात गार वतू नगा, डाग उकलंल.
बंब पेटवला न्हाई का कधी?"

नाही. आमच्याकडं स्टोव्ह होता.

मग पेटी निवेपर्यंत सांगत बसल्या.
सासूचा बंब तांब्याचा, चिंचेनं घासून लालबुंद.
धरणाचं पाणी गावात चढलं तेव्हा
पाटा, कणगी, कोंबड्या, सगळ्यासकट होडीत घातला
आणि मधोमध आल्यावर तो कलंडला.
हनुवटीनं त्यांनी जागा दाखवली.
तिथं एक पाणकावळा पंख वाळवत होता, बुडक्या झाडाच्या शेंड्यावर.
"सासू म्हनायची, माझा बंब कधी रिकामा न्हाई बघ आता."
आणि हसल्या. मी हसू की नको, कळेना.

चाव्या फिरवल्या. दोन उभ्या, एक आडवी.
पेटीच्या पोटात पाणी शिरल्याचा आवाज आला,
लाल तोटी खोकली, थुंकली, मग सरळ वाहू लागली.
मगच गॅस. मगच बटण.
झडपेतून थेंब गळायला लागला तसा मी पुन्हा घाबरलो.
"गळू द्या. तापलं की पानी फुगतं, जाईल कुठं?"

बावीस लिटर म्हणजे
डोकं, पाठ आणि एक पाय.
दुसरा पाय कोयनेच्या गार पाण्यानं धुतला, साबणासकट, शिव्या देत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आंघोळ केली नाही.
आधी पाणी, मग शेगडी, मग बटण, असं पाठ म्हणत
बादलीभर काढलं, वाफेसकट,
आणि टपरीमागं जिथं त्या ग्लास विसळतात तिथं ठेवलं.
त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.
तसेच ठेवले.
पहिल्या लाँचची माणसं चहा मागत होती.
कालचे ग्लास तिथंच पडलेले, उष्टे.