पान दोनशे चौदा

तिसऱ्या प्रुफालाच मला दिसायला हवं होतं.

हुपरीकरांच्या त्या ग्रहाला दोन सूर्य,
म्हणजे माणशी दोन सावल्या,
आणि हा हिशेब त्यांनी पहिल्या पानापासून पाळलेला.
भोसरीत बत्तीस वर्षं गिअरचे दात मोजलेला माणूस.
शेळीच्या दोन सावल्या, रहाटाच्या दोन,
दोरीवर वाळणाऱ्या परकराच्यासुद्धा,
एक तांबूस, एक निळसर.
मी वेलांट्या बघत होते.
'दीर्घिका' अकरा ठिकाणी ऱ्हस्व पडली होती,
ती लांब केली.

खरं सांगायचं तर यानं, परग्रह
ह्यात मला कधी रस नव्हता.
पण त्या आठवड्यात धायरीची बस दोनदा सोडली,
'अनुस्वार राहिलेत' असं सांगून
नारायण पेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर बसून राहिले,
जिथे पंख्याने कागद उडू नयेत म्हणून
न खपलेली पुस्तकंच वर ठेवायची पद्धत आहे.
यमू आणि तिची बहीण
कोरड्या समुद्रात विहीर खणत होत्या.
पाणी लागेपर्यंत मला उठवेना.

केंजळे म्हणाले, पाचशे काढू.
अप्पा बळवंत चौकातला विक्रेता म्हणाला,
विज्ञान म्हणजे कितवीचं?
मग म्हणाला, बरं, दहा ठेवा, गाइडांच्या मागे.
चित्रकाराने मुखपृष्ठावर एकच सूर्य काढला,
दुसरा शीर्षकाच्या आड येत होता.
हुपरीकर ते हातात धरून बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "दुसरा मावळला असेल."

आठ महिन्यांनी एक पत्र आलं,
वहीचं पान, बाजूला चहाचा गोल.
रुबिना अत्तार, ससूनमध्ये रात्रपाळीची नर्स.
"पान दोनशे चौदावर यमू विहिरीपाशी येते
तेव्हा तिची एकच सावली पडते.
मी वाचत होते तेव्हा आमच्या वॉर्डातली एक ट्यूब गेलेली.
सलाइन बदलायला उठले तर भिंतीवर
माझाही एकच हात.
तेव्हा कळलं, यमूची बहीण गेली.
तुम्ही ते कुठेच लिहिलं नाहीत.
बरं केलंत."

मी पान काढून पाहिलं.
सावली. एकवचन. साधी नजरचूक,
त्यांची लिहिण्यातली, माझी वाचण्यातली.

"अहो पण बहीण तर एकोणिसाव्या प्रकरणात
भाकऱ्या थापतेय!" केंजळे ओरडले,
जणू ती शेजारच्या खोलीत आहे
आणि तिला काही सांगून चालणार नाही.

हुपरीकरांना फोनवर पत्र वाचून दाखवलं.
पलीकडे कुणीतरी कुकरची शिट्टी मोजत होतं.
"पुन्हा वाचा," म्हणाले.
पुन्हा वाचलं.
"त्या बाईंचा पत्ता आहे का?"
आहे.
"आणि एकोणिसावं... काढता येईल का हो?"

दुसरी आवृत्ती कुठली आली आहे एवढ्यात!
तीनशे बारा प्रती अजून बांधलेल्या सुतळीत आहेत,
वर झुरळांची पावडर.
केंजळे म्हणतात, काढायचं तर आधी ह्या काढा.
त्या संध्याकाळी घरी जाताना लकडी पुलावर
मी उगाच दिव्यांखाली चालून पाहिलं:
कधी दोन, कधी तीन,
मधल्या एका खांबापाशी काहीच नाही.

माझ्या प्रतीत 'सावली'वर मी लाल रेघ मारली होती.
दुसऱ्या दिवशी तिच्याखाली ठिपके दिले,
आमच्या धंद्यात ह्याचा अर्थ: आहे तसंच राहू दे.
एकोणिसाव्या प्रकरणाची पानं मात्र
पंख्याखाली तशीच आहेत,
वर कुठल्याशा कवीच्या सात न खपलेल्या प्रती.
बहीण तव्यासमोर बसली आहे.
भाकरीला पाणी लावून झालंय,
उलटायची राहिली आहे.